बळीरामच्या रानातली येळवस

नाताळच्या सुट्टीत कुठे चाललात, असं शाळेतल्या मास्तरमंडळींनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, जेवायला. कुठे? उस्मानाबाद जिल्ह्यात, बेंबळीच्या बाजूला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. चिपळूणसारख्या ठिकाणी राहणारा, सकाळ-संध्याकाळ मासे खाणारा माणूस दोन दिवस एसटीत हाडं खिळखिळी करून त्या कोरड्या मुलखात जेवायला जातो, हे काही त्यांच्या पचनी पडेना. गणिताच्या बाई तर म्हणाल्या, "तिकडे दुष्काळ असतो ना हो? तुम्हीच शिधा घेऊन जा."

आमंत्रण जुनं होतं. ते देणारा बळीराम माझ्याबरोबर पलटणीत होता. मी तेव्हा पंचविशीचा, तो माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. आमच्या तुकडीत कोकणातले, साताऱ्याचे, कोल्हापूरचे गडी पुष्कळ होते, मराठवाड्यातला मात्र हा एकटाच. इतर पोरं घरच्या आठवणी काढायची तेव्हा बायकोच्या नाहीतर आईच्या काढायची, आणि हा पठ्ठ्या येळवसेच्या जेवणाची काढायचा. येळवस म्हणजे वेळा अमावास्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी त्यांच्याकडे सगळं गाव रानात जातं. ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपटं, बांधतात, त्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात, आणि मग भज्जी आणि आंबील. भज्जी सांगताना त्याचे हात असे फिरायचे, जणू समोर पातेलंच आहे. आम्ही मुद्दाम चिडवायचो, "आंबील म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याला देतात ती पेज ना रे?" मग दिवसभर बोलायचा नाही. राग उतरला की म्हणायचा, "एकदा येळवसेला गावाकडं या, परब. मंग बोला."

एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेच्या आघाडीवर, बळीराम एका सकाळी तोफेच्या गोळ्याने गेला. मी हाकेच्या अंतरावर होतो. त्या सकाळबद्दल पुढे लिहायचंच आहे, म्हणून इथे इतकंच. फौज सोडून मी शाळेत कवायत शिकवायला लागलो, संसारात पडलो, आणि एक्क्याऐंशी साली सुट्टी आणि येळवस लागून आली तेव्हा पिशवी भरली.

उस्मानाबाद

पिशवीत आंबापोळी होती, कोकमं होती, आणि बायकोने प्रेमाने बांधून दिलेली सुकट होती. सुकटीचं काय होणार हे मला सोलापूर सोडल्यावर कळलं. गाडीतली हवा गरम झाली तसे माझ्या शेजारचे गृहस्थ खिडकीकडे सरकले, मग मागच्या बाकावर गेले. कंडक्टर तिकीट देता देता थांबला आणि म्हणाला, "काय मेलंय का ओ गाडीत?" मी बाहेरच्या करडईकडे बघत राहिलो.

उस्मानाबादला उतरलो. पाटीवर उस्मानाबाद, कंडक्टरच्या तोंडी उस्मानाबाद, आणि चहावाला म्हातारा मात्र सरळ धाराशिव म्हणत होता. मी दुष्काळ बघायच्या तयारीने आलो होतो आणि बाजारात बघतो तर हिरवागार ढीग! तुरीच्या ओल्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे डहाळे, चुका, मेथी, कांद्याची पात, आणि कडेने कुंभारांची नवी मडकी. कुणी गप्पा मारायला मोकळं नव्हतं. चहावाला म्हणाला, "परवा इथं कुत्रं बी दिसायचं न्हाई. कोरटं, कचेऱ्या, समदं रिकामं. साहेब लोक बी कुनाच्या ना कुनाच्या रानात." आमच्याकडे गणपतीला मुंबई रिकामी होऊन कोकण भरतं. इथे एका दिवसासाठी गावच्या गावं रिकामी होऊन शेतं भरतात, हे मला फार आवडलं.

गाव

बेंबळीच्या अलीकडे फाट्यावर उतरून पायी निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, छातीइतकी ज्वारी, कणसं नुकती भरू लागलेली. वास घेत एक कुत्रं माझ्या मागे लागलं ते गावापर्यंत आलं. रानारानात लोक कोप बांधायच्या तयारीला लागले होते. मला बघून जो तो ओरडायचा, "कुठं चाल्लाव, पाव्हणं? येळवसेला या बरं का आमच्या रानात!" ओळख ना पाळख. आमच्याकडे अनोळखी माणूस आडवाटेने दिसला तर आधी कुंपणाचं बेडं लावून घेतात.

पण बळीरामचं घर विचारलं की तेच लोक एकदम गप्प व्हायचे. शेवटी नामदेव तात्या नावाचे एक म्हातारे काठी टेकत बरोबर आले. ते बळीरामचे भावकीतले चुलते. सुकटीचा वास त्यांनी सभ्यपणे गिळला आणि दारात पोचल्यावर सांगितलं, "ते तेवढं लिंबाला टांगा. आत नगं." टांगली. तासाभरात कावळ्यांनी फस्त केली, आणि मी सुटलो.

घर दोन खणांचं, पुढे मोकळं अंगण. अंगणात एक संकरित गाय आणि तिचं दोन दिवसांचं वासरू, पांढऱ्या कपाळाचं, इतकं देखणं की कुणीही हात फिरवावा. पण घरातलं कुणी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हतं. बळीरामचा धाकटा भाऊ दिगंबर त्याच्या बाजूने जाताना मान फिरवायचा. त्याची बायको सुमन गाईला वैरण टाकताना चक्क म्हणाली, "चार दिस दम न्हाई निघाला तुला?" मला वाटलं, गाईला दिलेल्या मुदतीचा हा काय प्रकार!

बळीरामची आई, सोजरबाई, उंच आणि वाळलेली, डोळे बारीक करून बघणारी. मी बळीरामबरोबर होतो म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. एवढंच म्हणाल्या, "हात धुवा. जेवा." मी पायावर तांब्याभर पाणी घेतलं, आमच्या सवयीने आणखी एक घेतला. दिगंबरची छोटी मुलगी डोळे विस्फारून त्या वाहून जाणाऱ्या पाण्याकडे बघत होती. नंतर कळलं, आड अर्ध्या कोसावर आहे. ताटात भात आला. कोकणचा पाहुणा म्हणून सणासुदीचा राखलेला तांदूळ काढला होता, आणि मी बिचारा चुलीवरच्या भाकरीकडे डोळे लावून बसलेलो. धीर करून भाकरी मागितली तेव्हा सुमन पहिल्यांदा हसली. काळ्या मसाल्याच्या आमटीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तर मुलगीसुद्धा हसली.

संध्याकाळी दिगंबर शेजाऱ्यांचं दूध घालायला डेअरीत निघाला, मीही निघालो. गावाने चार वर्षांपूर्वी दूध संस्था काढलेली, एका खोलीत वजनकाटा, कॅन आणि रांग. रांगेतला प्रत्येकजण विचारत होता, "दिगू, व्याली का रं?" आणि दिगंबर मान हलवायचा. "चार दिस आधीच व्याली." मग तो प्रत्येकजण च्च च्च करायचा. मला राहवेना. परतताना विचारलं, की बाबा, या गाईचं काय प्रकरण आहे?

"दादा, आमचा सण मोडलाय," दिगंबर म्हणाला. "बळीदादा येळवसेला गेला. घरातलं मानूस ज्या सणाला जातं, त्यो सण त्या घराला ऱ्हात न्हाई. त्याच दिवशी घरात लेकरू जन्मलं न्हाईतर गाय व्याली, तरच सण परत येतो. पहिली दोन सालं तर कळलं बी न्हाई. बाहत्तरचा दुष्काळ पडला, रानात काडी न्हवती, येळवस करनार कोन? आमचे वडील, बापू, खडी फोडायला जायचे, आमी सरकारी सुकडी खाऊन दिस काढले. त्यात बापू बी खचले आन गेले. मंग पिकं आली, समद्यांच्या कोपी उठल्या, आन आमचं रान तेवढं मोकळं. आई त्या दिवशी दार लावून बसती. सुमन लग्न होऊन आल्यापासून तिला सोताच्या रानात चूल मांडाय मिळाली न्हाई. पोरगी दुसऱ्याच्या कोपीत जेवती."

म्हणून याने हिशेब लावला होता. कर्ज काढून गाय घेतली, डेअरीच्या डॉक्टरला येळवसेची तिथी सांगितली, नऊ महिने नऊ दिवस मागे मोजून गाय भरवून घेतली. गेल्या साली ती चतुर्दशीला व्याली, एक दिवस चुकला. यंदा चार दिवस. मला हसू आलं. मग एकदम लक्षात आलं तो काय म्हणाला ते.

"येळवसेला गेला, असं कोण म्हणालं?"

"कोन म्हनंल? आमी समदे रानात हुताव. पंगत बसली हुती. मास्तर तार घिऊन रानातच आले. त्यांनी वाचली, आईनं हंबरडा फोडला. पुढचं कुनी ऐकलंच न्हाई."

तारेत तारीख होती. मागाहून आलेल्या कागदांतही होती. पण या घरात तारखेने कधी काही घडलेलंच नाही. पेरणी तिथीने, लग्न तिथीने, जत्रा तिथीने. तारीख आणि तिथी शेजारी मांडून बघावी हे कुणाच्या मनात आलं नाही. पंगत चालू असताना बातमी आली, म्हणजे तो येळवसेला गेला. आणि लढाई तर येळवसेच्या आदल्याच दिवशी थांबली होती. बळीराम त्याच्याही आठवडाभर आधी गेलेला.

मी हे सांगितलं तेव्हा दिगंबरने रिकामा कॅन खाली ठेवला आणि रस्त्यातच बसला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मंग आमचा सण मोडलाच न्हवता?" आणि दुसरं, "आईला आत्ताच्या आत्ता सांगू." वाटेत भेटलेल्या नामदेव तात्यांनी मात्र मोडता घातला. म्हणाले, "सुतक कळल्यापासून धरत्यात. तसा सण बी कळल्या दिवशीच मोडला. उगं म्हातारीची जखम खरवडू नगा."

मी त्या दोघांच्या मधे उभा. दिगंबरचं म्हणणं पटत होतं आणि तात्यांचंही. सांगावं तर त्या माउलीचा मुलगा पुन्हा एकदा, वेगळ्या दिवशी मारायचा. न सांगावं तर ही माणसं गाईकडे डोळे लावून आणखी किती वर्षं बसणार? मी जेवायला आलो होतो, आणि हे भलतंच ताट पुढ्यात आलं होतं.

चतुर्दशी

सकाळी सोजरबाई स्वतःच माझ्यासमोर येऊन बसल्या. दिगंबर गाईपाशी उभा, सुमन चुलीपाशी. तात्याही चहाच्या निमित्ताने आले होते, मला गप्प ठेवायला.

"बाबा, माज्या बळीपाशी तुमी हुताव," त्या म्हणाल्या. "कसं झालं ते कुनी मला सांगितलं न्हाई. कागद आले, साहेब आले, हार घातला. कसं झालं ते सांगा."

आईने असं विचारल्यावर लपवाछपवी करणारा मी कोण? जसं होतं तसं सांगितलं. भाताची खाचरं होती, पाणी आटलेलं. आम्ही बांधाच्या आडोशाला होतो. दिवस उगवत होता. थंडी पडली होती म्हणून बळीरामने डोक्याला मफलर गुंडाळला होता आणि वर बघून म्हणाला होता की आमच्या रानावर पण आता हाच चंद्र असेल. अर्धा चंद्र अगदी डोक्यावर होता. मग गोळा आला. त्याला कळलंसुद्धा नाही, आई. मी धावत गेलो तेव्हा चेहरा तसाच होता.

सोजरबाई माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "चांद?"

"हो."

"दिस उगवताना? डोक्यावर? अर्धा?"

"हो, आई."

"येळवसेला चांद कुठला, बाबा?" त्यांनी बोटांची पेरं मोजली नाहीत, आकाशाकडे बघितलं नाही. सरळ म्हणाल्या, "मंग ती अष्टमी."

दिगंबर गाईपासून दोन पावलं पुढे आला.

"अष्टमीला म्या रानात हुते," त्या म्हणाल्या. "माळ्यावर, मचानावर हुबी. पाखरं पडली हुती जवारीवर, गोफन मारीत हुते. दिसभर गानी म्हनत हुते म्या. येळवस जवळ आली म्हनून आनंदात हुते. माजा बळी गेला, आन म्या आठ दिस गानी म्हनत हिंडले." आणि मग त्या रडल्या. पदर तोंडात धरून, अंग हलवत, जणू तार आत्ता आली होती. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. सगळ्या वाटेवर मी भज्जीची स्वप्नं बघत आलो होतो, त्याची मला लाज वाटली.

तात्यांनी घसा साफ केला. "म्हनून म्या म्हनत हुतो, वैनी. कळल्या दिवशीच..."

"तात्या, तुमी गप ऱ्हावा," पदर काढून सोजरबाई म्हणाल्या. "लेकरू माजं. तिथी बी माजीच."

त्या आत गेल्या. दुपार झाली. कुणी जेवलं नाही. दिगंबर वासराला कुरवाळत बसला होता, बिचाऱ्याला आज पहिल्यांदा लाड मिळत होते. उन्हं कलायच्या सुमाराला आतून हाक आली.

"सुमन, ताक हाय का गं घरात?"

आंबील आदल्या दिवशी घालावी लागते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, रात्रभर आंबू द्यायचं. सुमनच्या हातातलं सूप खाली पडलं. घरात ताक नव्हतं, गाय नुकती व्यालेली, तिचा चीकच चालू. सुमन पदर खोचून पळाली. ती कुणाच्या दारात काय बोलली ठाऊक नाही, पण थोड्या वेळात बाया यायला लागल्या. कुणाच्या हातात ताकाचा गडू, कुणाच्या हातात सोललेल्या तुरीच्या शेंगा, कुणाकडे चुका, वाटाणा, चिंचेचा कोळ. एकीने नवं मडकं आणलं. कुणी काही विचारलं नाही. दारात गडू ठेवायच्या आणि उंबऱ्यापाशी थोडा वेळ बसायच्या. सोजरबाई चाळणीतून पीठ चाळत होत्या, डोळे अजून लाल. ताक इतकं आलं की शेवटी मी दोन तांबे प्यालो.

येळवस

दिवस वर आला तसे आम्ही रानात गेलो. कोप बांधायला घेतली आणि पहिला गोंधळ झाला. सण थांबला तेव्हा दिगंबर बारा-तेरा वर्षांचा. कोप बळीराम बांधायचा, हा पाला द्यायचा. कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या, शेंडे बांधले, मी आत शिरून बघितलं आणि ती अख्खी कोप माझ्या अंगावर आली. कडब्याखालून मला शेजारच्या रानातली माणसं हसत धावत येताना ऐकू आली. त्यांनी आधी मला उपसून काढलं, मग कोप अशी बांधली की वादळातही हलू नये. फौजेत मी तंबू बांधायला शिकवत असे, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पाच दगडांना चुना लागला. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन, अंगावर घोंगडी पांघरून घरच्या माणसाने रानात फिरायचं असतं. ते बळीरामचं काम. सोजरबाईंनी मडकं उचललं तेव्हा मला वाटलं माझ्याकडे देतात की काय, आणि माझे हात पुढेही झाले. त्यांनी ते दिगंबरच्या डोक्यावर ठेवलं. घोंगडी सारखी करताना त्यांचा हात त्याच्या खांद्यावर राहिला.

नंतर तो आंबील शिंपडत ज्वारीतून निघाला. शिंपडताना कानडी वळणाचं काहीतरी ओरडायचं असतं. अर्थ विचारला तर गावात कुणालाच सांगता आला नाही, पण बापजाद्यांनी ओरडलं म्हणून हेही ओरडतात. पहिल्यांदा दिगंबरचा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फाटका निघाला. आणि तिसऱ्यांदा त्याने अशी हाळी दिली की उजवीकडच्या रानातून कुणीतरी तसंच ओरडून जबाब दिला, मग ओढ्यापलीकडून, मग पार लांबून. सुमन चुलीपाशी बसून एका हाताने भज्जी ढवळत होती आणि दुसऱ्याने डोळे पुसत होती.

आता भज्जीचं सांगतो, कारण त्यासाठीच मी गेलो होतो. ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, शेंगदाणे, मेथी, चुका, पात, असं रानात जे जे हिरवं असेल ते सगळं ताक-चिंचेच्या आंबटात आणि बेसनात शिजतं. दाट, आंबट, तिखट, आणि दाताखाली प्रत्येक दाणा वेगळा. बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर. आणि आंबील, थंड, फेसाळ, लसूण आणि जिऱ्याची. ती पेज नाही. बळीराम, मी शब्द मागे घेतो. मी तीनदा वाढून घेतलं आणि चौथ्यांदा कुणी विचारायची वाट बघितली.

आणि माणसं येत राहिली. आपल्या कोपीतलं शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचं आपल्याला, असा इथला रिवाज. त्यामुळे दुपारपर्यंत आमच्या कोपीपुढे आमची भज्जी कमी आणि गावाची जास्त झाली. सगळ्यांत शेवटी नामदेव तात्या आले. बांधावर उभे राहिले, कुणीतरी बोलवेल म्हणून. सोजरबाईंनी पत्रावळ मांडली आणि म्हणाल्या, "बसा. निवंल." ते बसले आणि मान खाली घालून दोनदा आंबील मागून प्याले.

उन्हं उतरू लागली तशी मी निघायची तयारी केली. शेवटची एसटी फाट्यावर गाठायची होती. सोजरबाई बांधापर्यंत पोचवायला आल्या. दोन्ही बाजूंना ज्वारी, कणसांवर पाखरांचा थवा बसत होता, उठत होता.

"बाबा, तुमी आमाला सण परत दिला," त्या म्हणाल्या. "पन माजी अष्टमी घेतली. ती दर साली येनार."

मी विचारलं, "आई, पुढच्या अष्टमीला काय कराल?"

"काय करनार? पाखरं काय तिथी बघून थांबत्यात? माळ्यावर जाईन. गोफन मारीन."

"आणि गाणी?"

त्यांनी खाली वाकून एक ढेकूळ उचललं आणि ज्वारीवर बसलेल्या थव्याकडे भिरकावलं. थवा उठला.

"म्हनंन की," त्या म्हणाल्या. "रडत रडत का हुईना, म्हनंन."